खाडा आणि हजेरी

संस्थेच्या स्मरणिकेत गुणवंतांची यादी असते, माजी विद्यार्थ्यांनी मिळविलेली पदे असतात, इमारतीच्या पायाभरणीचे छायाचित्र असते आणि शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी असते. हे सारे असायलाच हवे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओसरीबाहेर बसावे लागले, त्यांनी आपल्या नातवंडांचे गुण ठळक अक्षरांत छापले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक सवय जडली आहे. कोणतीही यादी हाती आली की तिच्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे मी आधी पाहतो. आपल्या याद्यांत जे नाहीत त्यांतील एका विद्यार्थ्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आपणां सर्वांच्या एका कर्तव्याविषयी, येथे लिहावयाचे आहे. त्याचे नाव देत नाही. ‘लिहा, पण नाव छापू नका’, असे त्यानेच सांगितले आहे.

हा मुलगा पाचवीत आपल्या वसतिगृहात दाखल झाला. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले. आई-वडील दोघेही ऊसतोड कामगार. अभ्यासात मध्यम, वंदनेला वेळेवर, भांडणात क्वचित. शिक्षकाच्या लक्षात राहावे असे त्याच्यात काही नव्हते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. नववीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परतला नाही.

कारण पुढे कळले. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याच्या घराने मुकादमाकडून पूर्ण कोयत्याची उचल घेतली होती. टोळी निघण्यास आठवडा उरला असता वडील घराच्या पत्र्यावरून पडले आणि कमरेतून अधू झाले. उचल परत करावी तर ती आधीच मागील देणी आणि दवाखाना यांत संपली होती. आईबरोबर कोयता पुरा करण्यासाठी मुलगा गेला. तेव्हा त्याला पंधरावे वर्ष लागले होते.

डिसेंबर महिन्यात वर्गशिक्षक या नात्याने मी त्याच्या घरी एक छापील पत्र पाठविले. आपला पाल्य दीर्घकाळ गैरहजर आहे, पंधरा दिवसांत हजर न झाल्यास त्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल, असा त्यातील मजकूर होता. खाली माझी सही होती. त्या घरात तेव्हा अंथरुणाला खिळलेले वडील आणि म्हातारी आजी अशी दोनच माणसे होती आणि दोघांनाही वाचता येत नव्हते. शाळेचे पत्र म्हणजे काही तरी चांगलेच असणार, असे समजून आजीने ते घडी घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले. पुढे ते पत्र मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या पेटीत पाहिले. माझ्या नोकरीच्या काळात मी हजारो सह्या केल्या असतील. त्यांपैकी ही एक मला विसरता आलेली नाही.

दोन हंगाम त्याने ऊस तोडला. मधल्या उन्हाळ्यात वीटभट्टीवर गारा केला, विटा वाहिल्या. वडील हळूहळू काठी टेकून हिंडू लागले, देणे बरेचसे फिटले आणि तिसऱ्या जूनमध्ये तो शाळेच्या कार्यालयासमोर येऊन उभा राहिला. अंगाने वाढलेला, हाताला घट्टे पडलेला, मिसरूड फुटलेला. ‘सर, मला परत बसायचं आहे’, एवढेच म्हणाला.

मी त्याला जे सांगितले ते कोणत्याही शाळेतील कोणताही शिक्षक सांगतो तेच होते. ‘आता तुझे वय वाढले आहे. लहान मुलांत बसणे तुलाच जड जाईल. सतरा नंबरचा अर्ज भर आणि बाहेरून दहावीची परीक्षा दे.’ सल्ला नियमाला धरून होता. मात्र बाहेरून परीक्षा देणाऱ्याला वसतिगृहात राहता येत नाही. म्हणजे त्याने ज्या घरी राहून अभ्यास करावा असे मी सुचवीत होतो, त्या घरी दसऱ्याला पुन्हा मुकादम येणार होता. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी त्याचा विचार केला नव्हता.

तो काही वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, ‘सर, बाबासाहेबांना लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांची मुदत दिली होती, असं तुम्हीच सांगितलं होतं. मला किती होती?’

मला उत्तर देता आले नाही. बाबासाहेबांच्या चरित्राशी आपल्या आयुष्याची अशी तुलना करण्याचा धीटपणा माझ्या पिढीने सहसा केला नाही. आम्ही त्या चरित्राला वंदन केले. या मुलाने त्यातून आपला हक्क वाचला. १४ एप्रिलच्या भाषणात ही हकीकत मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. तिचा अर्थ मात्र त्या दिवशी माझा विद्यार्थी मला शिकवीत होता.

हकीकत अशी. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनानंतर १९१६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासाला आरंभ केला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. निघताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. बडोद्यात नोकरीला गेले तर राहण्यास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना अपमानित करून बाहेर काढण्यात आले आणि ते मुंबईस परतले. खासगी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. जात कळताच तोही बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तेथेही अध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर झाली. त्या पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली.

या तीन वर्षांना आपण ‘खंड’ म्हणतो. पण त्या खंडात काय काय घडले ते पाहा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. म्हणजे ज्या वर्षांत त्यांचे शिक्षण थांबले होते, त्याच वर्षांत आपल्या चळवळीने बोलावयास सुरुवात केली. ती वर्षे वाया गेली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि विद्यापीठाने तेव्हा दार बंद केले असते, तर त्यांना ते कसे पुरे करता आले असते?

त्या मुलाला आम्ही नववीत घेतले. त्यासाठी शिक्षकांच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. ती सारी सौजन्याची होती असेही नाही. पहिल्या महिन्यात तो पाठीमागच्या बाकावर बसे आणि काही बोलत नसे. मग मी त्याला एक वही दिली आणि सांगितले, ‘दोन वर्षांत रोज जे पाहिलेस, जे मनात आले, ते लिही. शुद्धलेखन मी तपासणार नाही.’ त्याने ती वही भरली. त्याच्या अनुमतीने तिच्यातील काही गोष्टी येथे मांडतो. कारण मी जे प्रतिपादन करणार आहे त्याचा खरा आधार ती वहीच आहे.

वहीच्या पहिल्या पानावर झोपेविषयी लिहिले आहे. शाळेत घंटा होते. नको असली तरी ती केव्हा होणार हे माहीत असते. फडात घंटा नाही. ऊस न्यायला वाहन रात्री दोनला आले तर दोनला उठायचे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. ‘झोपसुद्धा आपली नसते, हे मला तिथं कळलं’, असे तो लिहितो. आपल्या वसतिगृहाच्या पहाटेच्या घंटेविरुद्ध मुलांची तक्रार मी तीस वर्षे ऐकत आहे. वेळ ठरलेली असणे ही एक मालमत्ता आहे, असे मला कधी सुचले नव्हते.

दुसरी गोष्ट आईची. वसतिगृहात वाढलेल्या मुलाने आईला सुट्टीतच पाहिलेले. फडात त्याने तिचा अख्खा दिवस पाहिला. अंधारात उठून चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडावर जायचे, दिवसभर ऊस सोलून वाढ्यांचेच बंध वळून मोळ्या बांधायच्या, संध्याकाळी कोपीवर परतून पुन्हा चूल. ‘मुकादमाच्या वहीत आई आणि मी मिळून एक कोयता. पण काम मोजलं तर आई एकटीच एक कोयता होती’, असे एक वाक्य त्याने लिहिले आहे. स्त्रियांच्या श्रमाविषयी मी काही पुस्तके वाचली आहेत. त्या वाक्यापुढे मी थांबलो.

तिसरी गोष्ट पंचशीलाची. कोपीसमोर संध्याकाळी तो सवयीने वंदना म्हणत असे. टोळीतील लहान मुले भोवती बसू लागली. त्याला मराठी वाचता-लिहिता येत असल्याने वजनकाट्याची पावती तो वाचून दाखवी. एकदा पावतीवरील आकडा आणि मुकादमाच्या वहीतील आकडा यांत फरक निघाला. त्या रात्री त्याने मनाशी विचार केला तो असा : न दिलेले घेणार नाही, असे आपण रोज म्हणतो. फडातला एक ऊस पोराने खाल्ला तर सगळे त्याला चोर म्हणतात. मग वहीत कमी झालेले वजन हे न दिलेले घेणे नव्हे काय? दुसऱ्या दिवशी त्याने पावती पुढे करून फरक विचारला. वहीतील आकडा दुरुस्त झाला. त्या दिवसापासून टोळीतली माणसे त्याला ‘मास्तर’ म्हणू लागली.

आणि शाळेत परतल्यावर वर्गातली मुले त्याला ‘काका’ म्हणू लागली. हे मात्र त्याने वहीत लिहिलेले नाही. हे मी कानांनी ऐकले.

चौथी गोष्ट खाड्याची. एखादा दिवस कामावर न गेले तर मुकादम वहीत ‘खाडा’ मांडतो आणि त्याचा दंड अंगावर चढवितो. त्यावर त्याने लिहिले आहे : ‘फडात खाडा झाला तर पैसे चढतात, पण नाव खोडत नाहीत. शाळेत खाडा झाला तर नावच खोडतात. मुकादम दसऱ्याच्या आधी दोनदा घरी आला. शाळेतून कोणी आलं नाही, पत्र आलं.’

वाचकहो, या चार वाक्यांत आपल्या शिक्षणव्यवस्थेवरील जो अभिप्राय आहे, तो मला कोणत्याही शासकीय अहवालात आढळलेला नाही. मुकादम मुलाला सोडत नाही, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. आपण मुलाला सोडून देतो, कारण आपले काही अडकलेले नसते. पाच वर्षे ज्याला जेऊ घातले, शिकविले, वंदना पाठ करून घेतली, त्याच्यात आपले काहीच अडकले नव्हते काय?

येथे एक धोका आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. हे सारे वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, कष्टाने माणूस कसा घडतो! चार-दोन वर्षे काम केले तर बिघडले कोठे?’ हा युक्तिवाद आपल्या समाजाला करू नये. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या श्रमच आले आणि त्या श्रमाची किंमत शिळ्या भाकरीत मोजली गेली, त्यांना श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन देणे ही क्रूर थट्टा आहे. याच गुलामीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. पंधरा वर्षांच्या मुलाने ऊस तोडावा लागणे हा अन्यायच आहे. त्या अन्यायातून तो काही शिकला, हे श्रेय त्याचे आहे, अन्यायाचे नव्हे. मुलगा कामावर जाऊच नये, हे आपले पहिले कर्तव्य. गेला तर परत यावा, हे दुसरे. आणि परत आला तर त्याच्या त्या वर्षांची लाज त्याला वाटू नये, हे तिसरे. पहिले साधले नाही म्हणून उरलेली दोन आपण टाळावीत, असा त्याचा अर्थ होत नाही.

कायदा येथे आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि चौदा वर्षे उलटली तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो हक्क टिकतो. पण तो आठवीपर्यंतच. नववीत शाळा सुटलेल्याला तो कायदा काही देत नाही. दुसरीकडे बालकामगार प्रतिबंधाच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावणे बेकायदेशीर ठरले, मात्र घरच्या कुटुंबाच्या उद्योगाचा अपवाद ठेवण्यात आला. चौदा ते अठरा या वयात केवळ धोकादायक ठरविलेली कामे वर्ज्य राहिली. म्हणजे ज्या वळणावर शाळेचा हक्क संपतो, त्याच वळणावर कामाला मोकळीक मिळते. आमचा मुलगा नेमका त्या वळणावर हरवला. तेथे कायदा उभा नाही. म्हणून तेथे संस्थेने उभे राहावयाचे असते.

आपल्या परंपरेने हे पूर्वीच ओळखले होते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले, त्यात शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यासाठी आणि शेतकामासाठी लागतात, म्हणून ती शाळेत टिकत नाहीत, हे सांगून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसांची आवश्यकता मांडली आहे. पालक अडाणी आहेत, असा दोष देऊन ते थांबले नाहीत. मुलाच्या श्रमाची घराला गरज असते, हे त्यांनी मान्य केले आणि तिच्यावर उपाय सुचविला. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वेळेत वर्ग भरविले गेले. विद्यार्थ्याने संस्थेच्या वेळेत बसावे, एवढेच त्या संस्थांनी पाहिले नाही. संस्थेला विद्यार्थ्याच्या आयुष्यात बसता येते का, हेही पाहिले.

आणि आपण तर धम्माच्या नावाने चालविलेली संस्था आहोत. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा आहे. भगवान बुद्धांचा उपदेश ऐकण्याची एका गरीब शेतकऱ्याची इच्छा होती. पण त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधत तो रानोमाळ हिंडला आणि दिवस बराच चढल्यावर उपाशीपोटी तेथे पोहोचला. सारे भोजन करून बसले होते. तरी भगवंतांनी उपदेशाला आरंभ केला नव्हता. त्यांनी आधी त्या शेतकऱ्याला जेवू घालावयास सांगितले आणि तो तृप्त झाल्यावरच धम्म सांगितला. काही भिक्खूंना हे रुचले नाही. भुकेसारखा रोग नाही, भुकेल्याला उपदेश समजत नाही, असे भगवंतांनी त्यांना समजाविले.

ही कथा आपण भोजनदानाच्या संदर्भात सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : ते थांबले. तो उशिरा का आला, असे त्यांनी विचारले नाही. ज्याचा बैल हरवला त्याने आधी बैल शोधावा, हे त्यांनी गृहीत धरले. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी वडील पडले होते. तो बैल शोधण्यास गेला होता. आणि आम्ही पंधरा दिवसांची नोटीस पाठविली.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत ठेवावा काय? टोळीत तंबाखूची सवय लागलेली असली तर? पालकांची ही काळजी योग्य आहे. म्हणून परतणाऱ्या मोठ्या मुलांसाठी वेगळी खोली असावी आणि त्यांच्यावर एका शिक्षकाचे लक्ष असावे. त्यांना दाराबाहेर ठेवणे हे त्या काळजीचे उत्तर नव्हे. दुसरा आक्षेप जागांचा : पाचवीच्या प्रवेशासाठी रांग असताना परतणाऱ्याला जागा का? माझे उत्तर असे की, मधूनच रिकामी झालेली प्रत्येक जागा ही कोणाची तरी जागा असते. तिसरा आक्षेप निकालाचा. तो उघडपणे कोणी बोलत नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे. तेव्हा सांगून टाकतो : हा मुलगा दहावीला बसला त्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के लागला नाही, हे खरे आहे. पण जो अनुत्तीर्ण झाला तो हा नव्हता. हा द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाला.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे सांगण्यासारखी अशी कथाच नाही. ही स्मरणिका निघणार म्हणून मी माझ्या वर्गांचे जुने हजेरीपट चाळले. मधूनच गेलेल्या मुलांपैकी थोडे तरी परत आले. मधूनच गेलेली एकही मुलगी परत आल्याची नोंद मला सापडली नाही. टोळीबरोबर जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, असा प्रश्न आई-वडिलांपुढे असतो, आणि पुष्कळदा तिचे लग्न हेच त्याचे उत्तर ठरते. तिला फडातून शाळेत परतण्याची वाट असते, सासरहून नसते. म्हणून मुलींच्या बाबतीत ‘परत घेऊ’ हे आश्वासन अपुरे आहे. तिला जाऊच न देणे, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीसह सारा हंगाम वसतिगृह तिच्यासाठी उघडे ठेवणे, हाच उपाय आहे.

लेखाच्या शेवटी केवळ आवाहन करून थांबणे मला पटत नाही. म्हणून संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे काही सूचना ठेवतो. पहिली, कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी वर्गशिक्षकाने त्याच्या घरी प्रत्यक्ष जावे. पत्र ही भेट नव्हे. दुसरी, दरवर्षी दसऱ्यापूर्वी, मुकादमाच्या आधी, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून ज्या गावांतून टोळ्या जातात त्या गावांना भेट द्यावी. तिसरी, प्रत्येक जूनमध्ये काही जागा परतणाऱ्यांसाठी राखाव्यात आणि त्यांच्यासाठी पहिले काही महिने संध्याकाळी वेगळे वर्ग घ्यावेत. चौथी, माजी विद्यार्थ्यांनी एक निधी उभारावा. घरावर अचानक संकट आले तर मुलाने कोयता पुरा करण्याची वेळ येऊ नये, एवढाच त्याचा हेतू असावा आणि ती रक्कम कोणाच्याही अंगावर चढू नये.

पाचवी सूचना आपल्या अभिमानाशी निगडित आहे. प्रवेशद्वाराशी जो निकालाचा फलक आहे, त्यावर दहावीला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले हे आपण लिहितो. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी : पाचवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले. पहिला आकडा विद्यार्थ्यांची परीक्षा सांगतो, दुसरा आपली. काही वर्षे तो आपल्याला शोभणार नाही. तरी तो लिहावा.

तो मुलगा आता तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात काम करतो आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीचा अभ्यास करतो. पुन्हा काम आणि शिक्षण बरोबरच चालले आहे. पण या वेळी हजेरीची वही त्याच्या स्वतःच्या हाती आहे. दरवर्षी भाद्रपद संपत आला की त्याचा मला दूरध्वनी येतो. क्षेमकुशल दोन वाक्यांत आटोपतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो : ‘सर, मुकादम गावात येऊन गेला. तुम्ही कधी येताय?’

गेल्या वर्षी आम्ही तिघे शिक्षक गेलो. दोन मुले आणि एक मुलगी दिवाळीनंतर वेळेवर वसतिगृहात परतली. संख्या लहान आहे. पण त्या तिघांच्या नावापुढे या वर्षी हजेरीपटावर खाडा नाही.

जय भीम.